इंजिनाला धाप लागते तेव्हा

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्यातून तेल आलं म्हणजे टर्बो गेला, असा आपल्याकडचा सरळ हिशेब आहे. निळा धूर दिसला, इंटरकूलरच्या (ती हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात बोट फिरवल्यावर ते काळं झालं, की निकाल लागला. मग नवा टर्बो येतो, महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तोच निळा धूर. नव्या टर्बोला शिव्या बसतात, विकणाऱ्याला बसतात, पेट्रोलमधल्या भेसळीलाही बसतात. अशा ज्या गाड्या मी जवळून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचा टर्बो बिचारा निर्दोष होता. तेल त्याच्यातून येत होतं हे खरं, पण ते तिकडे ढकलत होतं दुसरंच कुणी.

मी मेकॅनिक नाही. पोटापाण्यासाठी यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करते. भोसरीत एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एक गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. रविवारी तिथे जाऊन उभं राहायचं, हे माझं व्यसन म्हणा हवं तर. मामांकडे मुख्यतः ताकद वाढवलेल्या गाड्या येतात. कुणी रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली, कुणी मोठा टर्बो बसवलेली, कुणी फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन टाकून वर्षभराची बचत उडवलेली.

टर्बोचं सील म्हणजे काय, हे एकदा खोललेला टर्बो हातात घेऊन बघावं. क्रँकच्या टोकाला असतं तसलं रबरी ऑइल सील तिथे नसतंच. मिनिटाला दीड लाखाच्या पुढे फेरे घेणाऱ्या, एका टोकाला लालभडक तापणाऱ्या शाफ्टवर रबर टिकणार कसं? तिथे खाचेत बसवलेली एक बारीक धातूची रिंग असते, पिस्टन रिंगेच्या जातीची. तिच्यात फट असते आणि तेल अडवणं हे एकटीचं काम ती करूही शकत नाही. टर्बाइनच्या (एक्झॉस्टकडच्या) आणि कंप्रेसरच्या (हवेकडच्या) पोकळीत दाब जास्त, मधल्या बेअरिंगच्या घरात कमी, म्हणून तेल आत राहतं. सगळी मदार या फरकावर. वरून इंजिनाचा पंप तीन-चार बारच्या दाबाने बारीक नळीतून तेल पाठवतो. खाली मात्र ढकलणारं कुणी नाही; फेसाळलेलं तेल आपल्या वजनाने ओघळत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरायचं असतं. म्हणून येणारी नळी जेमतेम चार मिलिमीटरची आणि जाणारी सोळा ते एकोणीसची.

आता चेंबरमध्येच दाब वाढला तर? तेल उतरायचं थांबतं, बेअरिंगच्या घरात तुंबतं आणि रिंगेच्या फटीतून वाट काढतं. एक्झॉस्टकडे गेलं तर निळा धूर, कंप्रेसरकडे गेलं तर इंटरकूलरमध्ये थर. नवा टर्बो लावा नाहीतर सोन्याचा लावा, त्याच्या खाली दाब तसाच असेल तर तोही तेच करणार.

हा दाब येतो सिलिंडरमधून. जळता वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली निसटतो, त्याला आपले मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. शेतातल्या जुन्या ऑइल इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, ठेक्यात बाहेर पडणारा धूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. नव्या कोऱ्या इंजिनातही तो थोडा असतोच. वाढवलेल्या इंजिनात जास्त असतो, आणि त्यातला काही भाग आपण हाताने वाढवलेला असतो, ही गोष्ट गॅरेजात सहसा कुणी सांगत नाही.

रिंग ही पूर्ण वर्तुळ नसते, तिच्या दोन टोकांत गॅप ठेवावा लागतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब, वाढवला की उष्णता वाढते, रिंग लांबते. गॅप कमी पडला तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरला घासत बसते आणि पुढे पिस्टनची कडच तुटते. म्हणून टर्बोच्या रस्त्यावरच्या गाडीला बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) दर इंचामागे साधारण पाच हजारांश इंच गॅप ठेवायचा प्रघात आहे. ८१ मिलिमीटर बोअरला हे जवळपास ०.४ मिलिमीटर होतं. फोर्ज्ड पिस्टनचं आणखी वेगळं. २६१८ जातीच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिलिकॉन नगण्य असतं, त्यामुळे तो मार खूप सोसतो पण तापल्यावर फुगतोही जास्त. बोअरमध्ये त्याला जागा मोकळी ठेवावी लागते. थंड इंजिनात असा पिस्टन सकाळी खडखडतो आणि तोवर वायूही जास्त सोडतो. त्यावर एक बार बूस्ट म्हणजे सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा. वायू जास्त निसटणार हे ठरलेलंच आहे. प्रश्न एवढाच उरतो की तो जाणार कुठून.

किराणा दुकानात पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडताना दुकानदार एका कोपऱ्यात भोक पाडून थांबत नाही. समोरच्या कोपऱ्यात हवेसाठी दुसरं पाडतो, नाहीतर तेल गचके खात पडतं. मोठ्या टर्बोच्या अर्ध्या भानगडी या दुसऱ्या भोकाच्या आहेत.

जुन्या मोटारींत ते भोक सरळ रस्त्यावर उघडायचं. क्रँककेसमधून, म्हणजे चेंबरच्या वरच्या क्रँकभोवतालच्या पोकळीतून, एक नळी खाली सोडलेली असे, गाडी धावताना तिच्या तोंडाशी ओढ तयार होई आणि वायू, तेलाचे थेंब, सगळं डांबरावर. अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर लेनच्या मधोमध काळा पट्टा उमटायचा तो या नळ्यांचा. मग लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे मोटारींतून सुटणारे हायड्रोकार्बन आहेत हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं आणि १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या गाड्यांमध्ये हा वायू परत इंजिनातच जाळायची सोय आली. तीच आपली पीसीव्ही. म्हणजे इंजिनाने आपलंच तेल थोडंथोडं पिणं ही गळती नसून मुळातली रचना आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीत ते इतकं मोजून-मापून केलेलं असतं की कुणाला पत्ता लागत नाही.

साध्या गाडीत हे सोपं आहे. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात, कायम ओढ असते, वायू तिकडे जातो. टर्बोच्या गाडीत मॅनिफोल्ड दोन स्वभावांचा. निवांत चालवताना ओढतो, बूस्ट आला की ढकलतो. म्हणून वाटा दोन ठेवाव्या लागतात: ओढ असताना मॅनिफोल्डकडे, बूस्ट असताना टर्बोच्या तोंडाकडच्या पाइपात. आणि पहिल्या वाटेवर एक एकमार्गी वॉल्व्ह, बूस्ट उलटा चेंबरमध्ये शिरू नये म्हणून.

हा वॉल्व्ह अंगठ्याएवढा असतो. प्लॅस्टिकचं घर, आत एक पातळ पडदा. दहा-पंधरा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत काढल्यावर कुठल्याही कंपनीचा असला तरी पडदा ताठर होतो, कधी फाटतो. मग होतं असं की एक बार बूस्टचा दाब रिंगांची वाट न बघता थेट क्रँककेसमध्ये उतरतो. डिपस्टिक वर उडते. टॅपेट कव्हरच्या कडेने तेल पाझरतं. टर्बोच्या ड्रेनला, म्हणजे तेल खाली उतरायच्या नळीला, उलटा दाब बसतो. आणि मालक टर्बोची किंमत विचारत फिरत असतो. हा वॉल्व्ह तपासायला अवजार लागत नाही. काढायचा, पुसायचा, एका बाजूने फुंकायचं, मग दुसऱ्या बाजूने. दोन्हीकडून हवा गेली की समजा वॉल्व्ह गेला.

मागे एक मुलगा आला होता मामांकडे, दुसऱ्या शहरात गाडी बनवून घेतलेली. मोठा टर्बो, नवं एक्झॉस्ट, बॉनेटखाली सगळं चकाचक, निळ्या ॲनोडाइज्ड फिटिंगा. सिग्नलला दोन मिनिटं थांबला की मागचा स्कूटरवाला दिसेनासा होई. टर्बो दोनदा बदलून झाला होता.

मामांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण फिरवलं आणि उघड्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला. धडधाकट इंजिनावर हा मोजा आत ओढला जातो, निदान लोळत तरी पडतो. इथे पाचही बोटं एकेक करून उभी राहिली. मुलगा हसायला लागला. मामा हसले नाहीत. "ताई, टॉर्च धरा," म्हणाले आणि गाडीखाली सरकले.

वर दोन्ही ब्रीदर एकत्र करून बोटभर नव्हे, पेन्सिलीच्या जाडीच्या नळीने एका चमचमत्या कॅच कॅनला, म्हणजे वायूतलं तेल अडवायच्या डब्याला, जोडलेले. कॅनला बाहेर जायची वाट म्हणजे वर एक नखाएवढा फिल्टर, तोही तेलाने चिकटलेला. आणि पीसीव्हीचं मॅनिफोल्डकडचं तोंड बोल्ट घालून बंद. खाली आणखी मजा होती. ड्रेनचा होज टर्बोतून निघून स्टार्टरला वळसा घालत जवळजवळ आडवा धावत होता आणि मग खाली वळत होता. तो उतरवल्यावर मामांनी फ्लँजचं भोक मला दाखवलं. लाल सिलिकॉन गॅस्केटचं बोळकं आत ओघळून वाळलं होतं आणि अर्धं भोक झाकून बसलं होतं. नखाने काढलं तर अख्खा चंद्रकोरीसारखा तुकडा निघाला.

टर्बोच्या ड्रेनला सिलिकॉन लावूच नये. कागदी किंवा धातूचं गॅस्केट मिळतं, नाही मिळालं तर कापून घ्यावं. होज शक्य तितका उभा उतरावा, चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जाऊन मिळावा, मध्ये कुठेही पोट पडू नये. पातळीच्या खाली जोडला तर तेल तिथे उभं राहतं आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर येतो. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर येणाऱ्या तेलालाही आवर घालावा लागतो. गॅरेटसारखी टर्बो बनवणारी कंपनी साधारण एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे तेलाची वाट अरुंद करणारा तुकडा, सुचवते. साध्या जर्नल बेअरिंगला तो लावायचा नाही. त्याचं सगळं आयुष्यच तेलाच्या थरावर तरंगण्यात जातं, आणि 'सेफ्टीसाठी' म्हणून तिथे रिस्ट्रिक्टर बसवणारे लोक टर्बो खरंच मारतात.

त्या मुलाच्या गाडीला टर्बो नवा लागला नाही. ब्रीदर मोठे झाले, ड्रेन सरळ झाला, पीसीव्ही परत जोडली गेली. लेथवर वळलेल्या दोन ॲडॅप्टरचे पैसे आणि मामांची मजुरी, एवढ्यात भागलं.

कॅच कॅनबद्दल माझं मत जरा तिखट आहे. इंटरनेटवर मिळणारे निम्मे कॅन म्हणजे दोन तोंडं असलेली रिकामी डबडी. तेल वायूत धुक्यासारखं तरंगत असतं. रिकाम्या डब्यातून ते एका तोंडाने शिरून दुसऱ्याने निघून जातं. आत आडव्या पट्ट्या हव्यात, स्टीलची जाळी हवी, वायूचा वेग मंदावायला पुरेसं पोट हवं. नळी किमान सोळा, जमलं तर एकोणीस मिलिमीटरची. आणि होज कुठला, याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. रेडिएटरचा उरलेला होज दिसायला झकास, पण तो पाण्यासाठी बनवलेला असतो. तेल लागलं की फुगतो, मऊ पडतो आणि गरम इंजिनात आतल्या आत मिटतो. बाहेरून सगळं शाबूत, आत वाट बंद. नायट्राइलचा किंवा फ्लुओरो रबराचा होज महाग पडतो, तरी तोच घ्यावा.

रेसिंगमध्ये कॅन सक्तीचा असतो तो इंजिनाच्या काळजीपोटी नाही. ट्रॅकवर तेल सांडून मागचा घसरू नये म्हणून. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत उघड्या ब्रीदरच्या गाडीला दोन हजार सीसीपर्यंत दोन लिटरचा आणि त्यापुढे तीन लिटरचा कॅन लागतो, आतलं तेल बाहेरून दिसेल असा. आपले रस्त्यावरचे वीर अर्ध्या लिटरचा कॅन लावून तो सहा-सहा महिने उघडत नाहीत. भरला की मग इंजिन तेच साठवलेलं तेल एका दमात पितं.

ब्रीदर सरळ हवेत सोडायचा मोह सगळ्यांना होतो. त्यात दाबाची कटकट मिटते हे खरं. पण ज्या गाडीत हवा सेन्सरने मोजली जाते, तिथे मॅनिफोल्डकडचं तोंड नीट बंद न करता असं केलं की न मोजलेली हवा शिरते आणि आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, नाचायला लागतो. शिवाय मॅनिफोल्डची ओढ गेल्यावर चेंबरमधली पाण्याची आणि पेट्रोलची वाफ ओढून काढणारं कुणी राहत नाही. तेल लवकर खराब होतं. आणि क्रँककेसमधून हवेत काही सोडायला उत्सर्जनाचे नियम परवानगी देत नाहीत, नव्या मॉडेलची त्यासाठी वेगळी चाचणीच असते. पीयूसीवाला फक्त मागच्या नळीत काडी घालतो म्हणून हे पकडलं जात नाही, एवढंच. केबिनमध्ये येणारा तो आंबूस-जळका वास सहन करणाऱ्या बायको-मुलांचं मत कुणी विचारत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, थोडं तेल जळलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते नॉकिंगमुळे, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी आपोआप भडकल्यामुळे. सिलिंडरमध्ये गेलेलं तेल पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे त्याची नॉकिंग सोसायची ताकद, खाली ओढतं. लोक पुण्या-मुंबईत दीडशेच्या वर रुपये मोजून शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरतात आणि ब्रीदरमधून त्यावर पाणी ओततात, म्हणजे तेल ओततात. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत आणखी एक पीडा. तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक वॉल्व्हला ते धुतच नाही. ब्रीदरचं तेल वॉल्व्हच्या मागे भाजून कोळशासारखं साचतं आणि अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मारून ते खरवडावं लागतं. छोट्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर दिला की ठिणगीच्या आधीच स्फोट होतो, त्यामागेही सिलिंडरच्या भिंतीवरून सुटलेले तेलाचे थेंब असतात. २०१८ साली एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने इंजिन तेलासाठी एसएन प्लस हा नवा दर्जा आणला तो यासाठी; तेलातलं कॅल्शियमचं प्रमाण त्यानंतर कमी झालं. तेव्हा असल्या गाडीत घरात पडलेला जुन्या दर्जाचा डबा संपवायचा म्हणून ओतू नये.

डिझेलवाल्यांचं तर वेगळंच. रांजणगावच्या फियाटच्या मल्टिजेटपासून कितीतरी डिझेल इंजिनं आपल्या पोरांनी रीमॅप केली. डिझेलला ठिणगी लागत नाही, थ्रॉटल हवा फारशी अडवत नाही. इंटरकूलरमध्ये साठलेलं तेल एकदम ओढलं गेलं की ते इंधन म्हणून जळतं. चावी बंद केली तरी इंजिन चढतच जातं. त्याला थांबवायचं तर मॅन्युअल गाडी वरच्या गियरमध्ये टाकून ब्रेकवर उभं राहत क्लच सोडायचा, किंवा हवेचं तोंड घट्ट बंद करायचं, तेही हाताने नव्हे. वर्षातून एकदा इंटरकूलर उतरवून रिकामा करणं यापेक्षा कितीतरी स्वस्त.

तेल नक्की कुठून येतंय हे ओळखायला बोरघाट उत्तम. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना, सलग बूस्टवर धूर आला तर रिंगा, ब्रीदर किंवा टर्बोचा ड्रेन. उतरताना गियरमध्ये पाय उचलून या; मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त ओढ बसते आणि खाली सपाटीला पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर एकच मोठा निळा झोत सुटला तर वॉल्व्ह सील, म्हणजे सिलिंडरच्या वॉल्व्हच्या दांड्यावरून तेल खाली उतरू न देणारी सीलं. सिग्नलला थांबल्यावर हळूहळू धूर वाढत गेला तर ड्रेनकडे बघा. मागे बसून बघायला एक विश्वासू मित्र लागतो, चालवणाऱ्याला आरशात सगळंच निळं दिसतं. आकडाच हवा असेल तर पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात पाणी भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीला जोडा, दुसरं मोकळं ठेवा. आयडलला पाणी इंजिनाकडे ओढलं गेलं पाहिजे. बूस्टवर दुसरीकडे ढकललं जाऊन नळीबाहेर उडालं, तर कॅनच्या जाहिराती बघणं सोडून ब्रीदर मोठे करा.

हिवाळ्यात मात्र मामांना फोन येतात ते निराळेच. ऑफिस दोन किलोमीटरवर, इंजिन तापायच्या आधी बंद. कॅन उघडला तर आत पिवळट लोणी. गाडीवाला घाबरतो, कुणीतरी सांगतं हेड गॅस्केट गेलं, कूलंट तेलात मिसळतंय. जळण्यातून पाणी तयार होतंच, थंड कॅनमध्ये त्याच्या वाफेचं पुन्हा पाणी होऊन ते तेलात मिसळतं, त्याचं हे लोणी. आधी सलग आठवडाभर कूलंटची पातळी बघा, डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ आहे का बघा, एकदा लोणावळ्यापर्यंत गाडी चांगली तापवून आणा. कूलंट घटत असेल तरच हेड उतरवायचं बोला.